दुसरं पारडं

बैदोआच्या गोदामात,
जिथे आता सिमेंटच्या गोण्या रचतात,
तुळईला एक आकडा अजून आहे.
त्याला मी पोरं टांगायचो.

दचकू नकोस, पोरी. लिही.
चड्डीसारखी शिवलेली झोळी, पायांना दोन भोकं,
वर गोल तबकडी, तबकडीत काटा.
मूल रडलं की काटा थरथरे,
मी थांबायचो, रडं ओसरेपर्यंत.
जे रडत नसे त्याचं वजन लगेच कळे.
त्याचीच भीती वाटे.
झोळीचे दोनशे ग्रॅम वजा करून
दुसरा आकडा मी मनगटावर लिही,
जांभळ्या शाईनं.

धान्य होतं त्या वर्षी. हेही लिही.
बंदरात पोत्यांचे ढीग होते
आणि बंदरापासून आमच्यापर्यंत बंदुका.
चाळीस ट्रक निघत, नऊ पोचत.
रोज पहाटे एक वेगळाच ट्रक गावात फिरे,
दारोदार थांबत, चादरीत गुंडाळलेलं उचलत.
तो मात्र कधी कुणी लुटला नाही.

मग डिसेंबरात ते आले.
हेल्मेटं, पाण्याच्या बाटल्या, उन्हानं सोललेली नाकं.
वय विचारलं तर एकजण म्हणाला, एकोणीस.
रस्ता उघडला.
आठव्या दिवशी पहाटेचा ट्रक अर्धा रिकामा गेला.
महिन्यानं त्याचा ड्रायव्हर मदोबे
माझ्याकडे पोती उचलायचं काम मागायला आला.
याहून मोठी साक्ष माझ्याजवळ नाही.

सैतून त्यातलीच. चार वर्षांची, साडेसात किलो.
आज मशिदीच्या कोपऱ्यावर तिचं मोबाइलचं दुकान आहे.
परवा मला जुनी बॅटरी नवी म्हणून विकली.
मी चांगला भांडलो.
घरी येताना मात्र
उगाच हसू येत होतं.

आता दहाबो.
माझी धाकटी बहीण, मोगादिशूत, पत्र्याच्या खोलीत.
हेलिकॉप्टर कुणाला तरी शोधत होतं,
खाली, आणखी खाली.
गोळी नाही, बॉम्ब नाही. नुसता वारा.
पत्रा उडाला तो चटईवर आला.
चटईवर तिचं बाळ होतं,
चाळिसाव्या दिवसाला तीन दिवस बाकी.
ती त्यांच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली.
दुभाष्यानं विचारलं, कुणी मारलं?
ती म्हणाली, वाऱ्यानं.
त्यानं तसंच लिहून घेतलं.

मग ते गेले.
बाटल्या राहिल्या, त्यांत आम्ही रॉकेल भरलं.
आणि एक यादी राहिली:
कोणी त्यांच्यासाठी बोललं, कोणी रांधलं, कोणी पोती वाहिली.
ती बंदूकवाल्यांच्या हाती लागली.
मदोबेचं नाव सातवं होतं.
माझं का नव्हतं, मला ठाऊक नाही.
लोक म्हणतात, यादी आधी सैतूनच्या बापाच्या हातात होती.
मी त्याला विचारलं नाही.
आता तो नाही.

आणि तू म्हणतेस, एक ते पाच.
एक म्हणजे वाईटच, पाच म्हणजे भलंच,
मधल्या घरात बोट ठेवलं तरी चालेल.

पोरी, बाजारातल्या तागडीला दोन पारडी असतात,
इकडे मका, तिकडे वजन,
मापात पाप असलं तरी डोळ्यांना दिसतं.
माझ्या काट्याला दुसरं पारडं नव्हतंच.
एका वेळी एकच जीव.
दहाबोचं बाळ टांगायचं
तर सैतूनला उतरवावं लागेल.
सैतूनला मी उतरवणार नाही.
आणि बाळाचं वजन
कुणी केलंच नव्हतं.

तो चौकोन रिकामा सोड.

उद्या पुन्हा पहाटेचा ट्रक फिरू लागला
तर मी त्यांना हाक मारीन,
हे मात्र लिही.
घसा फुटेस्तोवर मारीन.
आणि त्याच रात्री दहाबोला फोन करीन:
पत्र्यावर दगड ठेव. मोठे ठेव.

ती उचलेल की नाही,
सांगता येत नाही.